दुडकी की रेवाल : शिकायचं कुठल्या घोड्यावर?

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत एकदा फिरून आलेल्याला हा प्रश्न हमखास पडतो. दत्तजयंतीचे दिवस, तापीकाठची धूळ, आणि समोरून एक मारवाडी घोडा रेवाल नावाच्या बिनधक्क्याच्या चालीत निघून जातो. वरच्या माणसाच्या फेट्याचा तुरासुद्धा हलत नाही. घरी येताना डोक्यात एकच किडा : असा घोडा मिळत असताना रायडिंग क्लबातल्या उंच थरोब्रेडवर, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यावर, दुडकीचे धक्के खात महिने कशाला घालवायचे?

माझं मत आधीच सांगतो. शिकायचं असेल तर धक्के खा. रेवाल नंतर.

आधी पायांचं गणित बघू. साध्या चालण्यात दोन्ही घोडे सारखेच. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा असे चार ठोके, ताशी 6-7 किलोमीटर. फरक पडतो तो वेग वाढवल्यावर. थरोब्रेड दुडकीत शिरतो, म्हणजे ट्रॉट. यात तिरक्या जोडीचे पाय एकदम पडतात : डावा मागचा आणि उजवा पुढचा, मग उलट जोडी. ठोके दोनच, आणि दोन ठोक्यांच्या मधे घोडा क्षणभर चक्क हवेत असतो. तो खाली येतो तेव्हा आपण अजून वरच असतो. माकडहाडाला जे कळतं ते हेच.

रेवालमध्ये पाय एकाच बाजूचे उचलले जातात, पण मागचा पाय पुढच्याच्या किंचित आधी टेकतो. म्हणून चार झटपट ठोके पडतात आणि कुठला ना कुठला पाय सतत जमिनीवर राहतो. हवेत उडणंच नाही, मग आपटणं कुठलं? डांबरी रस्त्यावर डोळे मिटून ऐका. दुडकी टप्-टप् वाजते, रेवाल तकतक-तकतक. आइसलँडच्या घोड्यांची ‘टोल्ट’ ही याच घराण्यातली चाल. अशा चालींशी DMRT3 नावाच्या जनुकातल्या एका बदलाचा संबंध असल्याचं 2012 मध्ये पुढे आलं. म्हणजे टोल्टसारखी चाल नुसती शिकवण्याची गोष्ट नाही, बरंचसं रक्तातच असतं.

मग एवढी सुखाची चाल सोडून दुडकीचा आग्रह का? कारण दुडकी खोटं बोलू देत नाही. तिच्यावर टिकायचं तर रायझिंग ट्रॉट शिकावाच लागतो. वर्तुळात फिरताना घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की उठायचं, मागे आला की बसायचं. पहिले दोन आठवडे मी खांद्याकडेच बघत बसलो होतो आणि दोनदा कठड्याला घासलो. शिकवणारे सर मैदानाच्या मधून ओरडायचे, “लगाम म्हणजे बसमधला दांडा नाही!” उठण्यासाठी मी हातांनी ओढत होतो आणि प्रत्येक उठण्याला घोड्याच्या तोंडाला हिसका बसत होता. मांड पक्की झाली, टाच खाली गेली, तेव्हा हात आपोआप शांत झाले. कान, खांदा, कंबर, टाच एका ओळीत म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

रेवालवर हीच चूक वर्षभर खपून जाते. लगामाला लोंबकळूनही माणूस डौलदार दिसतो. माझा मावसभाऊ असाच शिकला. एकदा घोडा दमला, रेवाल मोडून दुडकीत आला, आणि भाऊसाहेबांनी आयाळ धरली ती घर येईपर्यंत. शिवाय रेवाल पक्की बसलेल्या काही घोड्यांचा कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची वेगाची चाल, साफ येत नाही. तीन ठोक्यांची ती झुलती लय अशा घोड्यावर शिकायला मिळेलच असं नाही.

थरोब्रेडचीही बाजू सगळी गोड नाही. क्लबांमध्ये बरेचसे रेसमधून निवृत्त झालेले घोडे असतात. घाबरून लगाम ताणला की काही जण थांबायच्या ऐवजी त्यावर रेलून जोर धरतात, कारण शर्यतीत तीच सवय लागलेली. उंचीही साधारण 16 हात (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा), म्हणजे 64 इंच, तेही खांद्यापर्यंत. मारवाडी त्यामानाने बुटका आणि हलका. वजनाचा ढोबळ नियम असा, की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत हवेत. घोडा 375 किलोचा धरला तर 75 किलो. तुम्हीच 80 असाल तर प्रश्न तिथेच मिटला.

पाठीचं दुखणं असेल, किंवा शेतातून, गाडीवाटेने तासन्‌तास रपेट एवढीच हौस असेल, तर मात्र सरळ रेवालकडे जा. घेताना विकणारा घोड्यावर बसून हातात न सांडता धरतो त्या काठोकाठ भरलेल्या पेल्याला भुलू नका. आधी लगाम सैल सोडून नुसतं चालवून दाखवायला सांगा. मग दोन्ही बाजूंना वळवा, थांबवा, चार पावलं मागे घ्या. शेवटी खाली वाकून खुरांच्या वर, सांध्याभोवती हात फिरवा. केस गेलेले असतील, दोरीचा वळ लागत असेल, तर ती चाल पाय बांधून बसवलेली असू शकते. मी असा एक घोडा बघितला होता. पेल्यातलं पाणी सांडलं नाही, पण साध्या चालण्यात तो प्रत्येक दहा पावलांना अडखळत होता.