दांडिया बाजारातील बेस गिटारचा वर्ग

वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ चालणाऱ्या एका लहानशा बेस गिटार वर्गात मी चार महिने शिकलो आणि तेथे उजव्या हाताकडे जितके लक्ष दिले जाते तितके मी अन्यत्र पाहिले नाही. पहिले दोन आठवडे सरांनी डावा हात पट्टीवर, म्हणजे स्वरासाठी तारा दाबायच्या गिटारच्या मानेवर, ठेवूच दिला नाही. मोकळ्या तारांवर तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने चालवायची, मनगट शक्य तितके सरळ ठेवायचे आणि तार वर उचलून न ओढता बोट तिच्यावरून सरकवून शेजारच्या जाड तारेवर विसावू द्यायचे, एवढाच अभ्यास होता. तबल्याचा बोल हातात बसल्याशिवाय गुरुजी पुढचा देत नाहीत, तीच ही शिस्त.

छेडण्याची जागा बदलली की नाद कसा बदलतो, हे त्यांनी फार सुंदर दाखवले: ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे, तो कडक व नेमका येतो, तर पट्टीच्या बाजूला गोल आणि भरदार होतो. अंगठा पिकअपवर (तारांचे कंपन टिपणाऱ्या, तारांखालच्या भागावर) कायम रोवून ठेवण्याची माझी सवय मोडायला मात्र वेळ लागला. बारीक तारांकडे जाताना अंगठाही सोबत सरकवला की तो मागच्या जाड तारा दाबून ठेवतो. एरवी सुमारे ४१ हर्ट्झची सर्वांत खालच्या स्वराची जाड ई तार नकळत घुमत राहते आणि सारे वादन गढूळ करते.

पिकने (तार छेडण्याच्या लहान चकतीने) वाजवण्यासाठी दिलेला एकच तास मला अपुरा वाटला. खोलीतील ॲम्प्लिफायरही लहान असल्याने खालचे स्वर नीट ऐकू येत नाहीत, म्हणून स्वतःचा हेडफोन अवश्य न्यावा.