सनसेट की एसपी?

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावाच्या आसपास ज्वालामुखीची सहाशेहून जास्त मुखं आहेत. त्यातलं एकच पाहायचं तर?

सनसेट क्रेटर हा राखखड्यांचा शंकू वयाने अगदीच पोर, इ.स. १०८५ च्या सुमाराचा. उंची साधारण ३०० मीटर. माथ्यावरच्या राखखड्यांतलं लोह गंजून लाल झालंय, म्हणून हे नाव. शंकूवर चढायला १९७३ पासून बंदी. पायथ्याच्या बोनिटो नावाच्या थिजलेल्या लाव्ह्यातून मात्र पायवाट जाते.

एसपी क्रेटर हजारो वर्षांनी थोरला, पण कोरड्या हवेत फारसा झिजलेला नाही. खरी गंमत त्याच्या लाव्ह्यात. शंकू म्हणजे सुट्या खड्यांचा ढीग, त्यात लाव्हा तोंडापर्यंत भरून राहणं अवघड. तो पायथ्यातूनच फुटला आणि उत्तरेकडे सुमारे ७ किलोमीटर सरकला. त्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) जास्त, म्हणून तो चिकट; वरचा थर मोडत गेला आणि नुसते कोनेदार धोंडे उरले. (सह्याद्रीत असे शंकू शोधू नका, आपला बेसाल्ट मुख्यतः लांबलचक भेगांतून आला.)

मुलं बरोबर असतील तर सनसेट. शंकू आणि प्रवाहाचं नातं एका नजरेत पाहायचं असेल तर एसपी, तेही शक्यतो विमानाच्या खिडकीतून.