काठमांडूच्या बालगृहात दोन आठवडे: हे पॅकेज घ्यावं का?

नेपाळमधल्या बालगृहात दोन किंवा चार आठवडे स्वयंसेवा, राहणं-जेवण आणि विमानतळावरून ने-आण धरून, अशी पॅकेजेस वर्षभर विकली जातात. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं, त्यामुळे आपल्याकडे बेत चटकन ठरतो. आमचं मत आधीच सांगतो: मुलांच्या सहवासाचे पैसे घेणारं पॅकेज घेऊ नका.

आधी रोजचं वेळापत्रक बघा. नेपाळात शाळा साधारण दहा ते चार. म्हणजे स्वयंसेवकाच्या हातात सकाळचे दोन-तीन तास आणि संध्याकाळ. त्यातही मुलांच्या आंघोळी, डाळ-भात, गृहपाठ असतो. ‘दिवसभर मुलांसोबत’ असं माहितीपत्रकात लिहिलं असेल, तर मुलं शाळेत कधी जातात हे सरळ विचारा. पाहुणे येणार म्हणून मुलांना घरी ठेवलं जात असेल, तर त्यांची शाळा तुमच्या पैशांमुळे बुडते.

शिकवण्याचंही तेच. दर पंधरा दिवसांनी नवा माणूस येतो आणि रंगांची नावं, शरीराचे अवयव, एक ते शंभर पुन्हा सुरू होतं. मुलं प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतात, कारण हा धडा त्यांनी कितीतरी जणांकडून घेतलेला असतो. आठवीतल्या मुलीला अडलेलं असतं ते बीजगणित. त्यासाठी नेपाळी अभ्यासक्रम जाणणारा स्थानिक शिक्षक वर्षभर लागतो.

पहिल्याच दिवशी चार-पाच वर्षांचं मूल धावत येऊन मांडीवर बसतं, बोट सोडत नाही. स्वयंसेवकाला भरून येतं, फोटो निघतो. पण घरात वाढलेलं मूल अनोळखी माणसाला बघून आईच्या मागे लपतं. कुणाच्याही कडेवर जाणं हे कायमचं माणूस न मिळाल्याचं लक्षण असू शकतं. संस्थांत वाढलेल्या मुलांच्या अभ्यासांत ते वारंवार दिसलं आहे. दोन आठवड्यांनी तुम्ही निघता, मूल पुन्हा तुटतं आणि पुढच्या पाहुण्याला चिकटतं. तुमची माया खरी असली तरी हा परिणाम टळत नाही.

आता मूळ दुखणं. युनिसेफच्या म्हणण्यानुसार नेपाळच्या बालगृहांतल्या किमान ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी जिवंत आहे. १९९६ ते २००६ च्या यादवी युद्धात दलाल हुम्लासारख्या दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांत गेले. ‘शहरात शिकवतो, युद्धापासून वाचवतो’ असं सांगून त्यांनी आईवडिलांकडून पैसे घेतले आणि मुलं काठमांडूत आणली. खोटे मृत्यूचे दाखले करून मुलं कागदोपत्री अनाथ झाली. म्हणूनच बहुतेक बालगृहं पर्यटक फिरतात तिथे, काठमांडू खोऱ्यात, पोखऱ्यात, चितवनात सापडतात. हुम्लाच्या सिमिकोटला जायचं तर बहुतेक जण नेपाळगंजहून छोटं विमान धरतात. तिथली आई मुलाला भेटायला येणार कशी? २०१५ च्या भूकंपानंतरही मुलं अशी हलवली जाण्याच्या भीतीने सरकारने परवानगीशिवाय त्यांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय चौकशीनेही २०१७ मध्ये अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली. पाहुण्यांचा पैसा जिथे येतो, तिथे खाटा भरलेल्या ठेवाव्या लागतात.

तरीही एखाद्या संस्थेशी बोलणं चालू असेल, तर पैसे भरण्याआधी हे विचारा. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणि दोन संदर्भ मागतात का? मागत नसतील तर तिथेच थांबा. जे दार तुम्हाला सहज उघडतं ते कुणालाही उघडतं. मुलांसोबत एकटं राहू देतात का, रात्री त्यांच्या खोल्यांत कोण झोपतं? सांभाळणाऱ्या दिदी किती, त्यांना पगार किती, किती वर्षं टिकल्या? शुल्कातला किती भाग एजंटकडे, किती संस्थेकडे, पावती कुणाच्या नावाची? आणि सगळ्यांत उपयोगाचा प्रश्न: दशैंला, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याच्या मोठ्या सणाला, किती मुलं घरी जातात? बरीच जातात असं उत्तर आलं, तर त्यांना घर आहे. मग वर्षभर ती तिथे का, हे विचारायलाच हवं. गेल्या वर्षी किती मुलं कुटुंबात कायमची परतली, याचा आकडा चांगली संस्था लगेच देते.

वह्या, बूट, खेळणी नेऊ नका. भेटवस्तू पुन्हा दुकानात विकल्या जाण्याचे प्रकार घडले आहेत. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटोही टाकू नका. आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ संरक्षणातल्या मुलांची ओळख माध्यमांत उघड करायला मनाई करतं, तोच नियम तिथेही पाळावा. परदेशी पासपोर्टवर जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी आणखी एक: नेपाळच्या पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही.

नेपाळला काही द्यायचंच असेल, तर मुलांना घरी पोचवणाऱ्या आणि नंतर त्या घराला शाळेची फी, शेळ्या, शिलाई मशीन असा आधार देणाऱ्या कामाला पैसे द्या. तुमच्याकडे कसब असेल तर ते मोठ्यांना द्या: फिजिओथेरपिस्टने दिदींना शिकवावं, हिशेबनिसाने संस्थेची खातेवही लावून द्यावी, अपंग मुलांच्या शिक्षिकेने स्थानिक शिक्षकांचा वर्ग घ्यावा. त्यासाठीही निदान दोन-तीन महिने आणि कामचलाऊ नेपाळी लागतं. देवनागरी लिपी आपलीच, त्यामुळे ही भाषा आपल्याला लवकर जमते. फिरायला गेल्यावर एखाद्या बालगृहात मारहाण, उपासमार किंवा मुलांना पाहुण्यांपुढे नाचवणं दिसलं, तर तिथे वाद न घालता जागा आणि वेळ लिहून घ्या आणि नेपाळच्या बाल हेल्पलाइनला कळवा. नंबर आपल्यासारखाच आहे, १०९८.