कॉर्निश जोडपं शोधताना: आधी पॅरिशची वही की जनगणना?

कोलारच्या सोन्याच्या खाणीत इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून आलेल्या एका कामगाराचा वंशज माझा मित्र. त्याला त्या कामगाराचे आईवडील शोधायचेत, पण सुरुवात पॅरिशच्या वहीपासून करावी की जनगणनेपासून, हे ठरेना. पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द, आणि तिची वही म्हणजे तिथल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदी.

खर्चात पॅरिश सरस. कॉर्नवॉल ओपीसीच्या (ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स) डेटाबेसवर स्वयंसेवकांनी उतरवलेल्या नोंदी फुकट दिसतात. जनगणनेच्या मूळ पानासाठी बऱ्याचदा वर्गणी भरावी लागते.

माहितीचं गणित वेगळं. जुलै १८३७ पासूनच्या लग्ननोंदीत वधूवरांच्या वडिलांची नावं आणि धंदेही असतात. लग्नाच्या सरकारी दाखल्यातही तेच, त्यामुळे तो विकत घ्यायची घाई नको. त्याआधीच्या नोंदीत वडिलांचं नाव सहसा नसतं, सही केली की फुली मारली असल्या गोष्टी कळतात. १८५१ ची जनगणना मात्र अख्खं घर समोर ठेवते: वय, नातं, जन्माचा पॅरिश. १८४१ चीत नातं नाही आणि मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा!

घोळ दोन्हीकडे. रेडरूथ, ग्वेनॅपसारख्या खाणींच्या गावांत जॉन विल्यम्स आणि मेरी ढिगाने. त्यात मेथॉडिस्ट (सरकारी चर्चपासून वेगळा झालेला ख्रिस्ती पंथ) कुटुंबांची मुलं अनेकदा पॅरिशच्या नव्हे, त्यांच्या चॅपेलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, वहीत सापडतात.

मुलांची नावं ठाऊक असतील तर आधी १८५१. बायकोचं माहेरचं आडनाव हवं असेल, किंवा १८४१ च्या मागे जायचं असेल, तर पॅरिशच्या वहीकडे वळावं. मित्राकडे फक्त त्या कामगाराचं, म्हणजे त्या जोडप्याच्या मुलाचं, नाव आणि वय होतं, त्याला मी जनगणनेकडे पाठवलं.