रीडऑब्जेक्ट की जेसनच्या ओळी?

जावातले ऑब्जेक्ट फाइलमध्ये ठेवून नंतर परत वाचायचे असतील, तर घरचा ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम आहेच (त्याची रीडऑब्जेक्ट मेथड एकेक ऑब्जेक्ट वाचते); नाहीतर दर ओळीला एक जेसन, म्हणजे साध्या मजकुरातली नोंद, लिहून जॅक्सन या लायब्ररीने वाचायचं. मी बरीच वर्षं पहिल्यावर काढली.

त्याचं कौतुक आधी. क्लासला सिरियलायझेबल (ऑब्जेक्ट असा लिहिता येतो ही खूण) लावलं की एकमेकांत अडकलेले ऑब्जेक्टही तसेच गुंतलेले परत मिळतात. जेसनमध्ये अशी वर्तुळं आली की जादा अ‍ॅनोटेशन लावत बसावं लागतं. जॅक्सन २ मध्ये लोकलडेट या तारखेच्या क्लाससाठीसुद्धा वेगळं मॉड्यूल.

माझं बिनसलं ते जुन्या फाइलच्या शेवटी नव्या नोंदी जोडताना. प्रोग्राम रोज संध्याकाळी चालायचा. पहिल्या दिवसाची फाइल छान वाचली गेली. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाच्या नोंदी आल्या आणि मग स्ट्रीमकरप्टेडएक्सेप्शन ही एरर, 'इनव्हॅलिड टाइप कोड: एसी'. मी उगाच डिस्कवर संशय घेतला. खरं कारण असं की लिहिणारा ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम दर वेळी नव्याने उघडला की आधी चार बाइटचं हेडर लिहितो: एसी, ईडी, ००, ०५. वाचणारा मधेच त्या एसीला अडखळतो. उपाय आहे: सबक्लास करून राइटस्ट्रीमहेडर ओव्हरराइड करायचं आणि फाइल आधीपासून असेल तर हेडरऐवजी रीसेट करायचं. मी केलंही. पण पुढे कोड बघणारा प्रत्येक जण 'हे कशाला?' विचारायचा, आणि दर वेळी तीच कहाणी सांगावी लागायची.

त्यात फाइल संपली हे कळायचं ते ईओएफएक्सेप्शनमधून. नल येईपर्यंत लूप फिरवणाऱ्याची फसगत ठरलेली, कारण नल आला तर तो कुणीतरी लिहिलेला नल असतो. सिरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा क्रमांक) स्वतः दिला नसेल, तर क्लासमध्ये एखादी पब्लिक मेथड वाढवल्यावरही जुनी फाइल इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन देते, ते वेगळंच.

जेसनच्या ओळींत जोडणं म्हणजे फक्त जोडणं. मधेच वीज गेली तर बहुधा शेवटची ओळ वाया जाते, आणि फाइल उघडून डोळ्यांनी बघता येते. फाइल थोडी फुगते खरी, पण माझ्या कामात वाचन रेंगाळल्याचं कधी जाणवलं नाही. फाइल परक्याकडून येणार असेल तर रीडऑब्जेक्टच्या वाटेला मी तरी जाणार नाही, जावा ९ पासून काय वाचू द्यायचं ते ठरवणारे फिल्टर असले तरी.

एकाच प्रोग्रामच्या आत डीप कॉपी (आतल्या ऑब्जेक्टसकट पूर्ण नक्कल) हवी असेल, तर मात्र जुनी पद्धत अजूनही सोयीची वाटू शकेल. माझ्या जुन्या फाइली जेसनमध्ये उतरवायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. ईओएफएक्सेप्शन पकडणारा तो कॅच आता तेवढ्या एकाच ठिकाणी उरलाय.