चौथा फुटस्विच: फ्लोअर मॉडेलरचा 14 महिन्यांचा अनुभव आणि रॅकचा पुनर्विचार

अ‍ॅम्प मॉडेलर (गिटारच्या अ‍ॅम्पचा आवाज डिजिटल पद्धतीने तयार करणारे यंत्र) फ्लोअर, म्हणजे जमिनीवर पायाशी ठेवायचा, घ्यावा की रॅक, म्हणजे चौकटीच्या पेटीत बसवायचा, या प्रश्नाचा मी खरेदीच्या वेळी पुरेसा विचार केला नव्हता. आवाज तोच मिळणार असेल तर सगळे काही एकाच पेटीत पायाशी असलेले बरे, एवढ्यावर मी फ्लोअर युनिट घेतले आणि पहिले दहा महिने त्या निर्णयावर पूर्ण समाधानी होतो. अकराव्या महिन्यात चौथा फुटस्विच, म्हणजे पायाने दाबायचे बटण, बिघडला. माझ्या युनिटचे नाव येथे देत नाही, कारण ज्या अडचणीबद्दल लिहितो आहे ती कोणत्याही कंपनीच्या फ्लोअर युनिटवर येऊ शकते.

चौथ्या स्विचवर माझा लीडचा आवाज होता. तालमीत सोलो सुरू होण्याच्या ठोक्यावर मी तो दाबला, दिवा हिरव्याचा लाल झाला आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुन्हा हिरवा झाला. सोलोचा पहिला सूर लीडमध्ये निघाला आणि उरलेली ओळ ऱ्हिदमच्या, म्हणजे साथीच्या, आवाजात गेली. पुन्हा दाबला तर कधी जागेवर राहायचा, कधी परत उडी मारायचा. यामागचे कारण साधे आहे. कोणताही यांत्रिक स्विच दाबला की त्याचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात आणि तेवढ्या वेळातील थरथर सॉफ्टवेअर दुर्लक्षित करते. संपर्क झिजले किंवा त्यांत धूळ गेली की ती थरथर ठरवून दिलेल्या वेळापेक्षा लांबते आणि एकदा दाबलेला स्विच यंत्राला दोनदा दाबल्यासारखा वाटतो. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतील सॉफ्टवेअर, नव्याने भरून पाहिले, कारण तोच एक उपाय माझ्या हातात होता. त्याचा काही उपयोग झाला नाही.

सर्व्हिस सेंटरचे पहिले उत्तर असे आले की स्विचची झीज ही वापरामुळे झालेली असल्याने ती वॉरंटीत बसत नाही. जे यंत्र पायाने दाबण्यासाठीच बनवले आहे, त्याचा पायाने दाबण्याचा भाग वर्षभरही टिकत नसेल, तर त्याला वापरातील झीज म्हणणे मला मान्य नव्हते आणि आजही नाही. दोन आठवडे पत्रव्यवहार झाल्यावर त्यांनी दुरुस्ती विनामूल्य मान्य केली, मात्र दोन्ही वेळचा वाहतूक खर्च माझ्याकडून घेतला. यंत्र एकूण पाच आठवडे बाहेर होते आणि परत आले ते सगळे प्रीसेट, म्हणजे मी जतन केलेले आवाज, पुसून, कारखान्यातील स्थितीत. माझा शेवटचा बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा होता. त्यानंतर बसवलेले आवाज कायमचे गेले, आणि वाहतुकीच्या पैशांपेक्षा मला त्याचेच अधिक दुःख आहे.

त्या पाच आठवड्यांत एका मित्राने त्याचे रॅक युनिट आणि वेगळा फुटबोर्ड मला वापरायला दिला. पहिल्याच दिवशी मनात आले की मी चूक केली. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर होती, आवाज दुरुस्त करताना जमिनीवर गुडघे टेकावे लागत नव्हते, आणि मुख्य म्हणजे पायाखाली जे होते ते केवळ बटणांचे पाट होते. फुटबोर्ड मोडला तर फुटबोर्ड बदलायचा, अ‍ॅम्प जागचा हलत नाही. रॅकची प्रक्रियाशक्ती जास्त असते, हा समज मात्र सरसकट खरा नाही. 2015 साली आलेल्या लाइन सिक्स कंपनीच्या हीलिक्स या मॉडेलरच्या फ्लोअर आणि रॅक या दोन्ही रूपांत आतील ताकद सारखीच आहे. फ्रॅक्टल या कंपनीचे तसे नाही. त्यांच्या रॅकमध्ये बसणाऱ्या अ‍ॅक्स-एफएक्स थ्रीमध्ये एका प्रीसेटमध्ये दोन अ‍ॅम्प ठेवता येतात, तर एफएम-थ्री या फ्लोअर युनिटमध्ये एकच बसतो. म्हणून तुलना करायची ती नेमक्या दोन यंत्रांची, दोन प्रकारांची नव्हे.

दुसऱ्या आठवड्यात माझे मत थोडे डळमळले. रॅकमधून माझी गिटार जरा दबलेली, वरच्या पट्टीत मंद वाटत होती आणि त्याचा दोष मी आधी मॉडेलिंगला दिला. नंतर लक्षात आले की फ्लोअर युनिट पायाशी असल्याने मला 3 मीटरची केबल पुरत होती, तर मागे ठेवलेल्या रॅकपर्यंत जायला 6 मीटरची लावली होती. साध्या पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) पिकअपच्या गिटारला केबलची प्रत्येक अतिरिक्त लांबी जाणवते, कारण केबलची धारिता लांबीनुसार वाढते (साधारणपणे मीटरला 100 पिकोफॅराडच्या आसपास) आणि त्याने उच्च कंप्रता दबतात. गिटारलगत एक बफर (लांब केबलमध्येही सिग्नल टिकवून ठेवणारे छोटे उपकरण) लावताच तक्रार मिटली. पण म्हणजे आणखी एक वस्तू, आणखी एक अ‍ॅडॉप्टर.

तिसऱ्या आठवड्यात फुटबोर्डची केबल गेली. तो साध्या मिडीवर (वाद्ययंत्रांनी एकमेकांना आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीवर) चालणारा होता, आणि मिडीची एक केबल एकाच दिशेने संदेश नेते. त्यामुळे कोणता आवाज चालू आहे हे रॅककडून फुटबोर्डला परत कळावे यासाठी दुसरी केबल टाकावी लागते. कार्यक्रमाच्या आधी कोणाचा तरी पाय पहिल्या केबलच्या जोडावर पडला, आतील पिन वाकली आणि मी मंचावर एका प्रीसेटवर अडकून राहिलो. अ‍ॅम्प शाबूत होता, आवाज उत्तम होता, फक्त तो बदलता येत नव्हता. प्रत्येक गाण्याआधी मागे जाऊन रॅकचे चाक फिरवत मी तो कार्यक्रम पार पाडला. दुखणे पायाखालून निघून वाटेतल्या केबलमध्ये गेले होते.

तरीही मी रॅक घेण्याच्या अगदी जवळ आलो होतो. मला थांबवले ते हिशेबाने. युनिट, फुटबोर्ड, एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचे पेडल), धक्का सोसणारी पेटी आणि दोन जादा केबली हे सगळे पुन्हा घ्यायचे, तेही एका स्विचमुळे, हे मनाला पटेना. मग एका तालमीत मी कोणता स्विच किती वेळा दाबतो ते मोजले. चौथा 90 पेक्षा जास्त वेळा दाबला गेला आणि बाकीचे सगळे मिळून 30 वेळाही नाही. झीज होत होती ती एकाच जागी.

युनिटच्या मागे एक्स्प्रेशन पेडलसाठी जो जॅक असतो, तो माझ्या यंत्रात सेटिंग बदलून बाहेरच्या फुटस्विचसाठीही वापरता येतो. मी तेथे दोन बटणांची एक साधी पेटी जोडली आणि लीडचा आवाज तिच्यावर नेला. आता चौथ्या स्विचवर ट्यूनर आहे, जो गाण्यांच्या मधे एकदाच लागतो. ही सोय पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होती आणि मला ती माहीत नव्हती, याची खंत वाटते. फ्लोअर युनिट निवडताना स्क्रीनचा आकार किंवा अ‍ॅम्पची संख्या पाहण्याआधी मागे असा जॅक आहे का, आणि त्यावर एखादा स्नॅपशॉट किंवा सीन (एकाच प्रीसेटमधील जतन केलेली वेगळी मांडणी) नेमून देता येतो का, हे तपासून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. ज्यांचे वाजवणे मुख्यतः ध्वनिमुद्रणापुरते आहे, ज्यांची सामग्री एका जागी पेटीत बसलेली राहते आणि ज्यांना पायाने फारसे काही बदलायचे नसते, त्यांच्यासाठी मी आजही रॅकच सुचवीन.

गेल्या महिन्यात त्या बाहेरच्या पेटीचे डावे बटणही दोनदा दाबल्यासारखे वागू लागले. मी तिचे चार स्क्रू काढले, तसाच दुसरा स्विच दोन ठिकाणी सोल्डर करून बसवला आणि झाकण लावले. बासवादकाचे तार बदलणे संपण्याआधी माझे काम झाले होते, आणि त्या सगळ्या वेळात मॉडेलर चालूच होता.