पियानोतला ओलावा : डबी की खडे?

पावसाळ्यात पियानो सादळू नये म्हणून गोव्यात दोन स्वस्त उपाय सहज मिळतात. एक, कपाटात ठेवतात ती कॅल्शियम क्लोराईडची प्लॅस्टिकची डबी. दुसरा, सिलिका जेलचे नारिंगी खडे. (डांबरगोळ्या यात धरू नका, त्या पियानोतल्या फेल्टला (दाबलेल्या लोकरीच्या कापडाला) कसर लागू नये म्हणून, ओलावा त्या ओढत नाहीत.) आमच्या उभ्या पियानोत मी दोन्ही वापरले आहेत.

ओढ डबीचीच जास्त, हे आधी मान्य करतो. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या फार तर ३०-४० टक्के पाणी धरतं, कॅल्शियम क्लोराईड त्याच्या कितीतरी पट. मृग लागला की डबीत पाणी साचताना दिसतं आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

माझं बिनसलं ते त्या पाण्यावरूनच. ते मिठवणी असतं. डबी ठेवायला जागा एकच, तळाच्या फळीवर, पेडलच्या दांड्यांशेजारी. शिकायला येणारी पोरं पेडल दणकन दाबतात, डबी हादरते आणि एखादा थेंब काठावरून ओघळतो. साधं पाणी पंख्याखाली सुकलं असतं. हे सुकत नाही. फडक्याने पुसलं तरी सकाळी तिथे पुन्हा ओली चकाकी, कारण मागे राहिलेला क्षार हवेतलं पाणी ओढतच राहतो. क्लोराईड लोखंडाचं काय करतं ते किनाऱ्याजवळच्या घरांचे खिडक्यांचे गज पाहून कळतंच. आमच्याकडे पेडलच्या स्प्रिंगवर आणि स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस पूड धरली, तीही नेमकी डबीच्या बाजूला. उभ्या पियानोत खर्जाच्या तारांची खालची टोकं तिथून फार लांब नसतात.

खड्यांचा त्रास वेगळा. पियानो काही हवाबंद नसतो, त्यामुळे श्रावणापर्यंत ते ओलाव्याने भरून सारखे हिरवे पडतात आणि ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास भाजून पुन्हा नारिंगी करावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातून काही गळत नाही. निळे खडे मात्र नकोत; त्यांत कोबाल्ट क्लोराईड हे विषारी रसायन असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये कशाला?

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांना कदाचित डबीच परवडेल. ती पियानोत न ठेवता खोलीच्या कोपऱ्यात ठेवावी, एवढंच सुचवतो. मी सुटे खडे घेऊन जुन्या धोतराच्या पिशव्यांत शिवतो. भाजायच्या वेळी तेवढी एक बाजू उसवायची.